घोणस अळीचे काटे लागले तर: ओळख, पहिला अर्धा तास आणि बांधावरचा बंदोबस्त

पावसाळा उतरणीला लागतो, बांधावरचं गवत कमरेला येतं, आणि आमच्या गावात कुणीतरी मनगट धरून धावत येतं. तोंडातून दोनच शब्द निघतात, "घोणस चावली." घरातल्यांच्या काळजात धस्स होतं, कारण घोणस म्हणजे साप, आणि तोही आपल्याकडच्या चार जहाल विषारी सापांपैकी एक. निम्म्या वेळा निघते ती अळी. हिरवी, काटेरी, बोटाच्या दीड पेराएवढी.

सप्टेंबर २०२२ मध्ये बीड, नगर, सोलापूर या पट्ट्यात हे नाव घरोघरी पोचलं. काटे लागलेल्या शेतकऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, बातम्या आल्या आणि त्यामागून व्हॉट्सॲपवरचे निरोप आले. अळी चावली की पाच मिनिटांत माणूस मरतो, असं सांगणारा एक निरोप कापसावरच्या अळीच्या चित्रासह फिरत होता. त्यात मृत म्हणून दाखवलेली माणसं प्रत्यक्षात वीज पडून गेली होती. पण तोवर ऐन खुरपणीच्या दिवसांत बायका शेतात पाय टाकायला तयार नव्हत्या. त्या वर्षी मी रोज दहा जणांना तेच तेच समजावत होतो. ते सगळं इथे सलग लिहितो आहे.

नावापासून सुरुवात करू

काटे लागल्यावर बोलताना एक शब्द टाळा. डॉक्टरांना, १०८ ला किंवा घरच्यांना फोन करताना "घोणस चावली" असं म्हणू नका. "अळीचे काटे लागले" असं म्हणा. मी याचा एवढा आग्रह धरतो, कारण सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते, ती काहींच्या अंगावर जोरात उलटते आणि अळीच्या विषावर तिचा काडीचाही उपयोग नाही. घाईत, रडारडीत चुकीचा शब्द गेला तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ नको त्या दिशेला जातो.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. गवतात हात घातला, काहीतरी लागलं, आग झाली आणि अळी दिसलीच नाही, तर ती अळीच असेल असं धरून घरी बसू नका. खरी घोणसही त्याच गवतात असते, त्याच दिवसांत असते. दातांच्या एक-दोन खुणा, त्यातून थांबत नसलेलं रक्त, तासागणिक वर चढणारी सूज, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त ही सापाची लक्षणं आहेत. शंका आली की तो साप समजायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. अळीला साप समजून धावपळ झाली तर फेरी वाया जाईल एवढंच. सापाला अळी समजलं तर माणूस जाईल.

ती दिसते कशी

आपण जिला घोणस अळी म्हणतो ती एकच जात नाही. लिमाकोडिडी नावाच्या पतंगांच्या कुळातल्या बऱ्याच अळ्यांना हे नाव चिकटलं आहे. इंग्रजीत त्यांना स्लग कॅटरपिलर म्हणतात. स्लग म्हणजे शंख नसलेली गोगलगाय. ते नाव तिला शोभतं, कारण या अळीला इतर अळ्यांसारखे पोटाखालचे मांसल पाय नसतात. तिथे चिकट गादीसारखा भाग असतो आणि ती पानावरून सरपटत, घसरत जाते. डोकं पुढच्या भागाखाली दडलेलं असतं, त्यामुळे तोंड कुठे नि शेपूट कुठे हे पटकन कळत नाही.

यातली आपल्याकडे सर्रास भेटणारी म्हणजे पॅरासा लेपिडा. पोपटी अंग, पाठीवरून आणि बाजूंनी जाणारे निळसर पट्टे, आणि अंगभर ओळीने उभे राहिलेले काट्यांचे झुबके. पुढच्या नि मागच्या टोकाचे झुबके मोठे असतात, काहींचे शेंडे तांबडे किंवा काळे दिसतात. ती आंबा, नारळ, एरंड, केळी, डाळिंब, गुलाब अशा कितीतरी झाडांवर जगते. कोकणात नारळ-आंब्यावर ती जुनी ओळखीची आहे. देशावर बांधावरचं गवत, ऊस, मका, एरंड इथे या कुळातल्या अळ्या सापडतात.

तिचा पतंग मात्र देखणा असतो. हिरवे पुढचे पंख, त्यांच्या कडेला तपकिरी पट्टा आणि मुळाशी एक गडद डाग. तो रात्री दिव्यावर येतो आणि त्याच्यापासून काही त्रास नाही. डंखाचं काम फक्त अळीचं, आणि थोडंफार तिच्या कोशाचं. कोशाबद्दल पुढे सांगतो.

काटा दिसला की ठेचा, असं करू नका. आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर चपटी चिकटून बसलेली, दोन्ही बाजूंना पिसासारखे फाटे असलेली हिरवी अळी बॅरन नावाच्या फुलपाखराची असते. एरंडावरही कॅस्टर फुलपाखराच्या काटेरी अळ्या असतात. दिसायला भयंकर, पण डंख करत नाहीत. मक्याच्या पोंग्यात घुसणारी लष्करी अळी, एरंडाची पानं खाणारी उंटअळी यांनाही डंख नाही. शेवग्याच्या खोडावर गठ्ठ्याने बसणारे केसाळ सुरवंट वेगळे. त्यांचे केस लागले की खाज सुटते, गांधी उठतात. घोणस अळीचा काटा लागला की आधी खाज येत नाही, क्षणात निखारा टेकवल्यासारखी आग होते. हा फरक ज्याने एकदा अनुभवला तो विसरत नाही.

काटा लागतो म्हणजे काय होतं

अळी चावत नाही. तिचं तोंड पानात असतं. ती तुमच्यावर उडत नाही, पाठलाग करत नाही, काटे फेकून मारत नाही. आपला हात तिच्यावर पडतो. काटे आतून पोकळ असतात आणि त्यांच्या बुडाशी विषाच्या ग्रंथी असतात. कातडीत शिरल्यावर काट्याचं टोक मोडतं आणि विष आत उतरतं. पक्ष्यांनी, सरड्यांनी खाऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे.

२०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी याच कुळातल्या डोराटिफेरा व्हल्नेरन्स या अळीचं विष तपासून प्रसिद्ध केलं. त्यात निरनिराळ्या प्रथिनांचं आणि पेप्टाइडांचं मोठं मिश्रण निघालं, आणि त्यातले काही घटक वेदना पोचवणाऱ्या चेतापेशींनाच जागं करतात. त्यामुळे काटा लागलेल्या माणसाला "एवढ्याशा अळीने काय रडतोस" असं कुणी म्हणू नये. जखम दिसत नसली तरी कळ खरी असते.

जीवघेण्या अळीचा म्हणून जो व्हिडिओ फिरतो तो बहुधा लोनोमिया या दक्षिण अमेरिकेतल्या अळीबद्दल असतो. तिच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, आणि ब्राझीलमध्ये तिच्यावरची लसही बनते. ती वेगळ्याच कुळातली आहे आणि भारतात नाही.

पहिला अर्धा तास

अळी अंगावरच असेल तर हाताने झटकू नका, थापट मारू नका. थापटेने उरलेले काटेही आत जातात. काडी, पान, खुरप्याचं पातं जे हाताशी असेल त्याने तिला खालून हलकेच उचलून दूर टाका. मग त्या जागेतून बाजूला व्हा, कारण जिथे एक असते तिथे आणखी असण्याची शक्यता मोठी.

आता सगळ्यात अवघड गोष्ट: चोळू नका. हात आपोआप तिथे जातो, पदराने किंवा टॉवेलने पुसावंसं वाटतं. पुसल्याने मोडलेली टोकं पसरतात, आणि तोच टॉवेल नंतर तोंडाला लागला तर तिथेही आग सुरू होते.

पाण्याआधी चिकटपट्टी. साधी सेलोटेप, जखमेवरची चिकटपट्टी, काहीही चालेल. शेतात कुठून आणायची? मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत वायर जोडायची काळी चिकटपट्टी जवळपास प्रत्येकाकडे असते. तीच घ्या. तुकडा काटे लागलेल्या जागेवर अलगद दाबून बसवा आणि सरळ वर ओढून काढा. तो फेकून द्या. पुन्हा नवा तुकडा, पुन्हा तेच. एकच तुकडा परत परत वापरलात तर काढलेले काटे पुन्हा टोचाल. चार-पाच वेळा करा. एखादा जाड काटा डोळ्यांना दिसत असेल तर तो चिमट्याने काढता येतो, पण नखाने कुरतडत बसू नका.

त्यानंतर साबण आणि वाहतं पाणी. बोअरची धार त्या जागेवरून जाऊ द्या, साबणाचा फेस वरून सोडा, घासू नका. हवेवर वाळू द्या.

हाताला किंवा बोटाला लागलं असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटावरचा दोरा लगेच काढा. सूज यायला वेळ लागत नाही. नंतर अंगठी कापावी लागते.

मग बर्फ. कळ कमी करायला याच्याइतकं सोपं आणि उपयोगी दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. बर्फ थेट कातडीवर न ठेवता फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरा, दहा मिनिटं काढा, पुन्हा धरा. वस्तीवर फ्रीज नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातली पेप्सीची कांडीसुद्धा चालते. तीही नसेल तर गार पाण्याची ओली घडी. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप लावा, असंही सांगितलं जातं. घरात असेल तर काटे काढून धुतल्यावर लावा, पण त्याच्या शोधात चिकटपट्टी आणि बर्फ लांबवू नका.

काय करू नये तेही स्पष्ट लिहितो, कारण हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तंबाखूच्या डबीतला चुना लावू नका, त्याने कातडी भाजते. रॉकेल, पेट्रोल, डिझेल नको. ब्लेडने चिरा देऊ नका, दंडाला आवळून दोरी बांधू नका, अळी चेचून तिचाच रस लावू नका. मला स्वतःला पहिल्यांदा काटा लागला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने मायेने चुना लावला होता. अळीची आग संध्याकाळी गेली. चुन्याची जखम भरायला बरेच दिवस लागले.

साधारणपणे पहिल्या तासाभरात कळ टिपेला पोचते आणि मग काही तासांत उतरते. लाल पुरळ, थोडी सूज, काखेत किंवा जांघेत अवघडल्यासारखं दुखणं एखादा दिवस राहू शकतं. लागल्या जागेची खाज त्यापुढेही काही दिवस राहते. वेदनेची किंवा ॲलर्जीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना किंवा औषधवाल्यांना विचारून घ्या, आणि झोप आणणारी गोळी घेऊन ट्रॅक्टरवर बसू नका.

दवाखाना कधी गाठायचा

श्वास घ्यायला त्रास, छातीत घरघर, ओठ-जीभ-चेहरा सुजणं, अंगभर गांधी, चक्कर, सारख्या उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी मिळेल तिने निघा. ही ॲलर्जीची तीव्र लक्षणं आहेत आणि त्यात मिनिटं मोजावी लागतात. दमेकरी माणूस, ज्याला मधमाशीची ॲलर्जी आहे असा माणूस, लहान मूल, गरोदर बाई यांना लक्षणं साधी वाटली तरी दाखवून घ्या.

डोळ्यात काटा गेला तर घरगुती काहीच करू नका. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तोंडात किंवा घशात लागलं तरी थेट दवाखानाच. रांगती पोरं काहीही तोंडात घालतात.

जाताना अळीचा फोटो मोबाइलवर काढून न्या. फोटो जमत नसेल तर काडीने तिला झाकणाच्या बाटलीत घाला. डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलं की सापाचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

गवत कापताना, भारा बांधताना

काटे लागण्याचे बहुतेक प्रसंग मी तीनच कामांत पाहिले: चारा कापताना, भारा डोक्यावर घेताना आणि बांध साफ करताना. ऑगस्ट ते ऑक्टोबर या कामांना पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणि जाड हातमोजे घालाच. बायकांनी साडीवर घरच्या माणसाचा शर्ट चढवण्याची रीत आपल्याकडे आहेच, तीच इथे कामाला येते. मुठीत गवत धरण्याआधी विळ्याच्या टोकाने किंवा काठीने ते हलवून, उलटून बघा. अळी पानाच्या खालच्या अंगाला असते, वरून दिसत नाही.

भाऱ्याची काळजी वेगळी. बांधण्याआधी पेंढ्या जमिनीवर आपटा. डोक्यावर घेताना चुंबळीखाली मान झाकेल असं फडकं असू द्या, कारण भाऱ्यातून घसरलेली अळी मानेवर नाही तर पाठीत उतरते, आणि डोक्यावर ओझं असताना माणूस काहीच करू शकत नाही. असा चारा गोठ्यात टाकण्याआधीही झाडून घ्या. जनावराच्या ओठांना, जिभेला काटे लागू शकतात आणि ते बिचारं सांगणार कुणाला?

काम झाल्यावर ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. वेगळे भिजवा, काठीने खळबळा आणि मग धुवा.

शाळेच्या आवारात एरंड, आंबा किंवा नारळ असेल तर शिक्षकांनी या दिवसांत आठवड्यातून एकदा पानांची खालची बाजू बघून घ्यावी. मुलांना अळी दाखवून ओळख करून दिली की ती आपण होऊन लांब राहतात. घाबरवलेली मुलं मात्र गुपचूप काडीने डिवचायला जातात.

बंदोबस्त

मादी पानाच्या खालच्या बाजूला, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक टेकलेली चपटी अंडी घालते. आठवड्याभरात अळ्या बाहेर पडतात आणि सुरुवातीला एकाच पानावर कळपाने राहतात. पान खालून खरवडतात, वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवतात, त्यामुळे पानावर कागदासारखे पांढुरके चट्टे दिसतात. हा चट्टा ओळखायला शिका, कारण याच वेळी ते एक पान देठापासून कापून साबणाच्या पाण्यात बुडवलं की पुढच्या वीस-तीस अळ्या संपल्या. मोठ्या झाल्या की त्या पांगतात, पान कडेपासून खातात, आणि मग एकेक शोधावी लागते. तेव्हा चिमटा किंवा दोन काड्या आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन संध्याकाळी फेरी मारा. अळीच्या अंगावर तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोश चिकटलेले दिसले तर ती सोडून द्या. त्यात परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं आहेत आणि ती उद्या तुमचंच काम करणार आहेत. शिकारी ढेकूण आणि काही जातींच्या माश्याही या अळ्या संपवतात.

म्हणूनच सरसकट फवारणीला माझा विरोध आहे. या अळीने ऊस किंवा मका झोपवला, असं सहसा होत नाही. पिकाला तिचा धोका थोडा, त्रास आहे तो माणसाला, तोही ठरावीक जागांवर. भीतीपोटी अख्ख्या पाच एकरांवर जहाल औषध मारलं तर शिकारी किडे आधी मरतात, आणि चाऱ्यातून ते औषध गोठ्यात जातं.

अळ्या खूपच असतील तर बांधावर आणि कडेच्या ओळींत ५ टक्के निंबोळी अर्क मारा. वाळलेल्या ५ किलो निंबोळ्या भरड कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम कपड्याच्या साबणाचा चुरा विरघळवायचा. सकाळी निंबोळ्यांचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं, त्यात साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण १०० लिटर होईल इतकं पाणी ओतायचं. अर्क त्याच दिवशी वापरायचा, ऊन कललं की फवारायचा, आणि पानाच्या खालच्या बाजूला पोचेल असा नोझल धरायचा. तो लहान अळ्यांवर चांगला चालतो, मोठ्यांवर कमी. त्यापुढे रासायनिक औषधाची वेळ आलीच, तर त्या पिकासाठी नोंदणी असलेलं कोणतं ते कृषी सहायकांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि फवारलेल्या जागेचा चारा किती दिवस कापायचा नाही हेही तेव्हाच विचारून ठेवा.

बीड-जालन्याकडच्या शेतकऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. शेजारी तुतीची बाग असेल तर निंबोळी अर्कसुद्धा वाऱ्याची दिशा बघून आणि त्या शेतकऱ्याला सांगूनच मारा. रेशमाची अळीही पतंगाचीच अळी आहे. तिला मारणारं औषध तुमची नि शेजाऱ्याची अळी वेगळी ओळखत नाही.

राहिले कोश. वाढ पुरी झाली की अळी खोडावर, फांदीच्या बेचक्यात किंवा नारळाच्या बुंध्यावर टणक, अंडाकृती, तपकिरी-करडा कोश करते. बरेचदा ते घोळक्याने असतात आणि झाडाच्या गाठीच वाटतात. त्यांच्यावर अळीचे जुने काटे-केस अडकलेले असतात, म्हणून कोश वाळका दिसला तरी उघड्या हाताने खरवडू नका. नारळावर चढणाऱ्या माणसाला आधी सांगा, नाहीतर बुंध्याला मिठी मारताच त्याच्या छातीला लागतील. हातमोजे घाला, खुरप्याने कोश पोत्यावर पाडा आणि साबणाच्या पाण्यात टाका. हे काम पानं विरळ झाल्यावर, दिवाळीनंतर करा. तेव्हा ते चटकन दिसतात.